बीपीच्या गोळीचं ‘नवीन व्हर्जन’ कसं बनतं?

घरातल्या बीपीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर नाव नीट वाचलंय का कधी? औषधाच्या नावाशेवटी ‘प्रिल’ असेल, तर त्या गोळीचं मूळ सापाच्या विषात आहे. कसं ते आज मी सोप्या भाषेत सांगतो.

पहिलं व्हर्जन: कॅप्टोप्रिल

आपल्या शरीरात ‘एसीई’ नावाचं एन्झाइम असतं. ते रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ तयार करतं आणि त्यामुळे बीपी वाढतं. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातले घटक हे एन्झाइम अडवतात, असं संशोधकांना दिसलं. पण ते इंजेक्शननेच द्यावे लागत. मग स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी एन्झाइमच्या खाचेत बसेल असा छोटा रेणू बनवला. एन्झाइममधल्या झिंकला पकडण्यासाठी त्यात गंधकाचा एक गट ठेवला. १९८१ मध्ये अमेरिकेत कॅप्टोप्रिलला मंजुरी मिळाली.

अपडेट: एनालाप्रिल

काही पेशंटना अंगावर पुरळ यायचं, तोंडाची चव जायची. संशय गंधकाच्या गटावर होता. मर्क कंपनीने तो काढून कार्बोक्सिल गट बसवला. नवा रेणू एन्झाइमवर जोरदार चालला, पण पोटातून रक्तात नीट जाईना! मग त्याला एस्टरचं ‘झाकण’ लावलं. ते शरीरात गेल्यावर, मुख्यतः लिव्हरमध्ये, निघतं. मी याला झिप फाइल म्हणतो: पाठवताना बंद, पोचल्यावर उघडते. १९८५ मध्ये ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली.

न गेलेला बग

कोरडा खोकला मात्र राहिलाच. कारण एसीई हे ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थही तोडतं. एन्झाइम अडवलं की तो साठतो, आणि खोकल्याचं मुख्य कारण तेच मानलं जातं. म्हणजे दोष रेणूच्या शेपटीत असेल तर ती बदलता येते. दोष औषधाच्या कामातच असेल तर रस्ताच बदलावा लागतो. लोसार्टनसारखी औषधं हा दुसरा रस्ता आहेत.

हे लक्षात ठेवा

नावं सारखी असली तरी गोळ्या एकसारख्या नाहीत. मिलिग्रॅमचा हिशोबही वेगळा असतो. त्यामुळे अॅपवर बघून आई-बाबांची गोळी परस्पर बदलू नका. खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना सांगा. ओठ किंवा चेहरा सुजला तर लगेच हॉस्पिटल गाठा. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, हेही डॉक्टरांशी बोलताना विसरू नका.

माहिती उपयोगी वाटली तर घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा!