दुरून पाहा, पण डोळे भरून

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही मुलांना घेऊन कळंबा तलावावर गेलो. पाणी आटलेल्या काठावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी टिटवीची चार अंडी होती. मोबाइलवर फोटो घ्यायला आम्ही अगदी जवळ गेलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली आणि फोटो नीट येईना म्हणून आम्ही दहा मिनिटे तिथेच. शेवटी धाकटी म्हणाली, "अम्मी, ती रडतेय. चला ना."

आम्हाला लाज वाटली. सुनन अबू दाऊदमधली हदीस या मुलांना आम्हीच सांगितली होती. प्रवासात काही सहाबांनी एका लहान पाखराची दोन पिल्ले उचलली. आई पंख पसरून तडफडू लागली. प्रेषित (स.) यांनी ते पाहिले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. आम्ही पिल्लू उचलले नव्हते, पण आईला घरट्यावरून उठवले होतेच.

पुढे वाचताना कळले की कडक उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवते. ऊन चढल्यावर तिला दहा मिनिटे उठवणे म्हणजे अंड्यांच्या जिवाशी खेळ. शिवाय माणूस जिथे घुटमळतो, तिथे कावळ्याचेही लक्ष जाते.

लांब लेन्सचे महत्त्व तेव्हा उमगले. एका स्नेह्यांनी त्यांची १५०-६०० मिलिमीटरची लेन्स वापरायला दिली. ६०० ला पक्षी साध्या ५० च्या लेन्सपेक्षा बारा पट मोठा दिसतो. मात्र हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. म्हणून शटरचा वेग निदान सेकंदाचा सहाशेवा भाग आणि उडत्या पक्ष्यासाठी दोन हजारावा भाग ठेवावा लागतो. लेन्स चांगली दोन किलोंची. रंकाळ्याच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात स्थिर राहतो. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर हवा. सकाळी चौपाटीच्या बाजूने ऊन आपल्या पाठीशी असते. ऊन तापले की पाण्यावरची हवा लहरू लागते. मग कितीही भारी लेन्स असली तरी चित्र धूसरच. बाकी सगळा सब्रचा मामला.

हळदी-कुंकू बदकाला हे नाव का, हेही लेन्समधूनच पाहिले. चोचीचे टोक पिवळे, बुडाशी लाल ठिपके! काळ्या चांदव्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा, टिबुकलीची बुडी, हे सारे मुलांनी पहिल्यांदाच नीट पाहिले. पाखरांच्या पसरलेल्या आणि मिटलेल्या पंखांकडे पाहायला सूरह अल-मुल्क आपल्याला सांगते. पाहण्याची ही सवय घरात रुजायला हवी.

डॉ. सालिम अली यांचे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, या प्रश्नापायी मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या चिठ्ठीनिशी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचला आणि आयुष्यभर पक्ष्यांचाच झाला. त्या काळी अभ्यासासाठीही पक्षी मारावा लागे. आज लेन्स पुरते.

पण लेन्स हाती आली म्हणजे अदब आपोआप येत नाही. घरट्याचा फोटो काढू नये. त्याची जागा व्हॉट्सॲपवर कळवू नये. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये. पक्ष्याने मान ताठ केली की आपण मागे सरावे. लेन्स नसेल तर साधी दुर्बीणही पुष्कळ. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो; सुरुवातीला तोही मुहूर्त चांगला.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा कळंब्याला गेलो. या वेळी बरेच लांब, बाभळीच्या आडोशाला बसलो. अर्ध्या तासाने टिटवी पाण्यावरून आली, पोटाची पिसे ओली, आणि शांतपणे अंड्यांवर बसली. फोटोत अंडी दिसत नाहीत. धाकटीने तोच फोटो घरी भिंतीवर लावला आहे.