पिकअप उंच केली. आता पुढून ठकठक का येते?

पिकअपला दोन इंचांची लिफ्ट बसवून आपण गॅरेजमधून बाहेर पडता. गाडी रुबाबदार दिसते. पण पहिल्याच स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढच्या चाकापाशी ‘ठक्’ असा आवाज येतो. दोन दिवसांनी गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर कशाला तरी खसखसतो. बसवणारा म्हणतो, “नवीन आहे, होईल सेट.” असं काही आपोआप सेट होत नाही. दोन भागांमधली जागा कुठेतरी संपलेली असते. ती कुठे संपली, हे थोड्या धीराने आपल्यालाही शोधता येतं.

उदाहरणासाठी इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स डोळ्यांसमोर ठेवू. या गाड्यांना मागे पाटे असतात, पण पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येक चाकाला दोन आर्म धरून ठेवतात. खालचा जाडजूड तो लोअर आर्म आणि वरचा इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा तो अपर आर्म. आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, म्हणजे वाटीत फिरणारी गोळी, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी. अपर आर्मच्या मधून शॉकअप जातो आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असते. ही मधली जागा मुळातच अरुंद आहे. बऱ्याच भानगडी तिथेच होतात.

आधी हिशेब

चाकाच्या वरखाली होण्याला दोन टोकं असतात. खड्ड्यात चाक पूर्ण लोंबतं ते खालचं टोक. दणका बसून ते पूर्ण वर दाबलं जातं ते वरचं टोक. समजा, या दोन टोकांमध्ये 8 इंच अंतर आहे आणि उभ्या गाडीत चाक बरोबर मधोमध आहे, 4 वर आणि 4 खाली. मूळ लांबीच्या शॉकअपवर स्प्रिंग जास्त दाबून 2 इंच उंची मिळवली, तर वर 6 झाले आणि खाली उरले 2. एकूण 8 ते 8च. वर दिसणारी जागा खालून काढून घेतलेली असते, हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

म्हणूनच स्पीडब्रेकरवरून उतरताना ठक् होतं. खाली दोनच इंच उरल्यामुळे शॉकअप पूर्ण लांबतो आणि आतल्या आत आपटतो.

दुसरी पद्धत शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसवण्याची, म्हणजे जाड चकती घालण्याची. शॉकअप आर्मवर चाकापेक्षा आतल्या बाजूला टेकलेला असतो. त्यामुळे 1 इंचाच्या चकतीने चाकापाशी जवळपास 2 इंच उंची मिळते. पण आता चाक कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षाही खाली लोंबू शकतं. शॉकअप आपटत नाही, त्याऐवजी आर्म, बॉल जॉइंट आणि एक्सल यांच्यावर ताण येतो. शिवाय चाक पूर्ण वर दाबलं गेलं तर बंपस्टॉपच्या, म्हणजे दणका अडवणाऱ्या रबरी थांब्याच्या, आधी शॉकअपच तळाला आपटण्याचा धोका असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत यातलं काय बसवलं आहे ते विचारून घेणं.

पायरी 1 : मोजून ठेवा

सपाट जागी, चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. हा आकडा वहीत लिहा. लिफ्टच्या आधीचा आकडा असेल तर उत्तमच. अनेकदा ‘दोन इंच’ म्हणून घेतलेलं किट प्रत्यक्षात तीन इंच उचललेलं निघतं, विशेषतः जड बंपरसाठीची स्प्रिंग साध्या बंपरच्या गाडीला बसवली असेल तर.

पायरी 2 : खुणा वाचा

टॉर्च घेऊन चाकाच्या खाचेत बघा. धातूवर धातू घासला की रंग जातो आणि तिथे चकचकीत रेघ उमटते. स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूवर, अपर आर्मच्या आतल्या कडेवर आणि चासीला असलेल्या थांब्यावर अशी रेघ शोधा. प्लॅस्टिकच्या लायनरवर, म्हणजे मडगार्डच्या आतल्या अस्तरावर, काळा गुळगुळीत पट्टा असेल तर तो टायरचा.

पायरी 3 : चाक लोंबवून बघा

उभ्या गाडीत सगळं ठीकच दिसतं. म्हणून पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची. एकच बाजू उचलली तर दोन्ही चाकांना जोडणारा स्टेबिलायझर बार त्या चाकाला वर धरून ठेवतो आणि ते पूर्ण लोंबत नाही. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा आणि गाडी चासीखाली मजबूत जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

आता एक घरगुती युक्ती. गाडी उचलण्याआधी स्प्रिंग आणि अपर आर्म यांच्या मधल्या फटीत घट्ट मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा स्प्रिंगला चिकटवा. आर्मकडच्या बाजूला तेलाचं बोट फिरवा, म्हणजे कणीक तिथे चिकटणार नाही. चाक पूर्ण लोंबवा, पुन्हा खाली घ्या आणि गोळा काढून बघा. करंगळीएवढी जाडी उरली असेल तर चिंता नाही. पापडासारखा पातळ झाला असेल तर रस्त्यावर तिथे घासणारच. आरपार भोक पडलं असेल तर आवाजाचा उगम सापडला.

आर्म स्प्रिंगला लागत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय कुणी सुचवत नाही: उंची थोडी कमी करा. स्पेसर पातळ घाला, किंवा स्प्रिंगखालची फिरवायची बैठक असेल तर ती उतरवा. अर्ध्या इंचाने अनेकदा प्रश्न सुटतो. उंची तेवढीच हवी असेल तर लिफ्टसाठी बनवलेला अपर आर्म घ्यावा लागतो. त्याची कड स्प्रिंगपासून दूर वळवलेली असते आणि बॉल जॉइंट नव्या कोनाला जुळवलेला असतो. मूळ आर्म ग्राइंडरने घासून जागा करणं किंवा वेल्डिंगने वाकवणं मात्र कटाक्षाने टाळा. त्या आर्मवर चाक उभं आहे.

चाकं लोंबलेली असतानाच आणखी तीन गोष्टी बघून घ्या. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणलेली नको. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवूनही ती सैल राहिली पाहिजेत. स्टेबिलायझर बार एक्सलला किंवा आर्मला टेकलेला नको. टेकत असेल तर बार खाली घेणारे ठोकळे किंवा योग्य लांबीच्या लिंक मिळतात.

तिसरी गोष्ट फोर-व्हील ड्राइव्हसाठी. डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारा एक्सल आता जास्त तिरका झालेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी घड्यांचा बूट असतो. घड्या एकमेकींवर घासत असतील किंवा बाहेर ग्रीस उडालेलं दिसत असेल तर कोन जास्त झाला आहे. आतल्या टोकाचा सांधा बाहेरच्यापेक्षा कमी कोन सोसतो, म्हणून तो आधी बघा. डिफरन्शियल साधारण इंचभर खाली घेणारे ठोकळे मिळतात. त्यांनी कोन कमी होतो, पण तेवढीच जागा गाडीच्या पोटाखालची जाते. उंची मिळवायला निघालो आणि पोट खाली आणलं, असा हा व्यवहार आहे. इथेही आधी लिफ्ट कमी करून बघणं शहाणपणाचं.

पायरी 4 : चाक दाबून बघा

‘लिफ्ट केली म्हणजे मोठा टायर बसतो’ हा समज फसवा आहे. उभ्या गाडीत तो बसतो. पण चाक पूर्ण दाबलं गेलं की ते लिफ्टच्या आधी जिथे पोचत होतं तिथेच पोचतं. बंपस्टॉपची जागा बदललेली नसते. 265/65 आर 17 ऐवजी 265/70 आर 17 घातला तर टायर सगळीकडून सुमारे 13 मिलिमीटर मोठा होतो. आतली खाच तेवढीच राहते.

खात्रीची तपासणी म्हणजे शॉकअप बाहेर काढून स्प्रिंग उतरवणं, शॉकअप एकटा परत बसवणं आणि जॅकने चाक बंपस्टॉपपर्यंत नेणं. हे गॅरेजचंच काम. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतकी ताकद असते, घरी तिच्या वाटेला जाऊ नका. घरच्या अंदाजासाठी मातीच्या भक्कम उंचवट्यावर एकच पुढचं चाक सावकाश चढवा आणि बाहेर उभ्या माणसाला खाचेत बघायला सांगा. गाडी तिरकी होईल, तेव्हा घाई नको.

पायरी 5 : स्टिअरिंग फिरवून बघा

चाक याच दाबलेल्या स्थितीत असताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. टायर दोन ठिकाणी लागतो: पुढे बंपरच्या कोपऱ्याला, नाहीतर मागे लायनरच्या आड असलेल्या केबिनच्या माउंटला, म्हणजे केबिन चासीवर टेकते त्या जागेला.

बाहेर आलेली चाकं हे बऱ्याचदा खरं कारण असतं. चाकाचा ऑफसेट, म्हणजे बसण्याची जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेली आहे ते माप, +30 वरून 0 वर आणलं तर टायर 30 मिलिमीटर बाहेर येतो. वळताना तो मोठा घेर घेतो आणि कोपऱ्यांना लागतो. अशा वेळी लायनर कापण्याआधी मूळ रिम लावून बघा. लायनर गरम हवेने दाबून थोडी जागा करता येते. केबिनचा माउंट कापणं मात्र शेवटचा उपाय, आणि तोही जाणकाराच्याच हातून.

पायरी 6 : अलाइनमेंट

लिफ्टनंतर अलाइनमेंट करावीच लागते. त्यात कॅस्टरकडे लक्ष द्या. वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा किती मागे कललेला आहे, तो हा कोन. सायकलचा पुढचा फोर्क कललेला असतो, म्हणून हँडल सरळ राहतं, तसंच हे. या गाड्या उचलल्या की कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते.

कॅस्टर परत मिळवताना टायरची जागा बदलते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. लोअर आर्मच्या कॅम बोल्टने, म्हणजे फिरवला की आर्म सरकवणाऱ्या बोल्टने, खालचा जॉइंट पुढे नेला तर टायर बंपरकडे सरकतो. नव्या अपर आर्मने वरचा जॉइंट मागे नेला तर तो केबिनकडे सरकतो. म्हणून अलाइनमेंट झाल्यावर पायरी 5 पुन्हा करा. आधी न लागणारा टायर आता लागू शकतो.

पायरी 7 : शेवटचा पाना

आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट चाकं लोंबलेली असताना पक्के आवळू नका. बुश त्या स्थितीत जखडले जातात, गाडी खाली आली की पिळले जातात आणि लवकर फाटतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून, कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच ते आवळायचे. गॅरेजच्या घाईत नेमकं हेच राहतं. समोर उभं राहून करून घ्या. काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. हेडलाइटचा झोतही खाली घ्यायला सांगा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. आपल्या आरटीओला आणि विमा कंपनीला किट घेण्याआधी विचारलेलं बरं.

सगळं झालं की कणकेचा नवा गोळा लावून एकदा चाकं लोंबवा आणि पायरी 1चं मोजमाप पुन्हा घ्या. वहीतला आकडा अर्ध्या-पाऊण इंचाने कमी झाला आणि गोळ्याची जाडी करंगळीएवढी राहिली, तर वाईट वाटून घेऊ नका. ती उंची दिसायलाच होती. खड्ड्यात चाकाला ती जागा खालीच हवी होती.