वाकडा कणा व प्रौढ वयातील शस्त्रक्रिया

लहानपणी दुर्लक्षिलेला पाठीच्या कण्याचा बाक चाळिशीनंतर दुखू लागला, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्न उभा राहतो. क्ष-किरणचित्रावर मोजलेला बाक ३० अंशांखाली असल्यास, शरीराची वाढ पुरी झाल्यावर तो बहुधा वाढत नाही. ५० अंशांपुढील मात्र वर्षास सुमारे एक अंश वाढू शकतो. तथापि प्रौढाने केवळ अंशांवर निर्णय करू नये. पायात उतरणारी कळ औषधांनी व व्यायामाने हटत नसेल, चालणे खुंटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य होय. तीत सळ्या व स्क्रू बसवून मणके एकमेकांस सांधतात. सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही. सांधा थेट कमरेपर्यंत गेल्यास पाटावर बसून जेवणे, वाकून केर काढणे जड जाते, आणि नेमके हेच डॉक्टरांस विचारावयाचे राहून जाते! धूम्रपानाने मणके सांधण्यास अडथळा येतो, ठिसूळ हाडांत स्क्रू सैल पडतात. म्हणून विडी आधी सुटावी व हाडांची घनता तपासून घ्यावी.