वल्हे खाली ठेवल्यानंतर

नौकानयन हा खेळ वऱ्हाडातील माणसाला आपला वाटत नाही, यात त्याचा दोष नाही. खारपाणपट्ट्यात ज्यांची हयात गेली, विहिरीत पाणी दिसत असूनही ते पिता येत नाही हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवले, त्यांना पाण्यावरच्या शर्यती ही परमुलखातील मौज वाटली तर नवल नाही. परंतु भारतीय नौकानयनाचा अलीकडचा इतिहास पाहिला तर एक विलक्षण गोष्ट नजरेत भरते. या खेळात देशाचे नाव ज्यांनी पुढे नेले त्यांच्यातील काही अग्रणी नदीकाठी वा समुद्रकाठी वाढलेले नाहीत. ते कोरड्या मुलखातून आलेले आहेत.

बजरंगलाल ताखर हे त्यांतील पहिले नाव. राजस्थानातील सीकर जिल्हा हा त्यांचा मुलूख. ते सैन्यात भरती झाले आणि तेथे त्यांच्या हाती वल्हे आले. 2006 साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी एकेरी स्कल्स प्रकारात रौप्यपदक मिळवले. 2008 साली ते बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरले आणि एकविसावे आले. 2010 साली ग्वांगझू येथे त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेतील नौकानयनाचे ते भारताचे पहिले सुवर्ण होय. अर्जुन पुरस्कार त्यांना 2008 साली मिळाला होता. 2013 साली पद्मश्रीही मिळाली. एखाद्या खेळाडूचे चरित्र येथे संपले असते तरी कोणी उणे मानले नसते. ताखर यांनी मात्र वल्हे खाली ठेवल्यावर प्रशिक्षकाचे काम पत्करले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या वतीने उतरलेला एकमेव नौकानयनपटू बलराज पंवार हा पुण्याच्या सैनिकी केंद्रात त्यांच्याच हाताखाली तयार झाला.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण दत्तू भोकनळ यांचे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे त्यांचे गाव. पाण्याचे दुर्भिक्ष तेथे नित्याचेच. घरच्या गरिबीमुळे विहिरी खोदण्याचे कामही त्यांनी केले. 2012 साली ते सैन्यात गेले, आणि कुद्रत अली या प्रशिक्षकांनी त्यांची उंची व ताकद हेरून त्यांना नौकेत बसवले. चार वर्षांनी, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, भोकनळ तेरावे आले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्स संघातून त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. विहीर खोदणाऱ्या तरुणातील नौकानयनपटू पाण्याने शोधला नाही. तो एका जाणत्या माणसाच्या नजरेने शोधला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या खेळात ही नजर इतकी मोलाची का, हे समजण्यासाठी खेळाचे स्वरूप थोडे पाहावे लागेल. शर्यत दोन हजार मीटरची. एकेरी नौका आठ मीटरच्या आसपास लांब, पण वजनाने अवघी चौदा किलो. आसन रुळांवर पुढेमागे सरकते. पाहणाऱ्याला वाटते की सारा जोर हातांचा; वास्तविक नौका पुढे जाते ती प्रामुख्याने पायांच्या रेट्याने. सुमारे सात मिनिटांत दोनशेहून अधिक वेळा वल्ही पाण्यात पडतात, आणि प्रत्येक वेळी ती किंचित लवकर वा उशिरा पडली तर नौकेचा वेग खातात. शिवाय नौकानयनपटू पाठमोरा बसतो. मागे पडलेले अंतर त्याला दिसते, पुढचे दिसत नाही. स्वतःची चूक तर त्याला मुळीच दिसत नाही. ती काठावरच्या किंवा मोटारबोटीतल्या गुरूलाच दिसते. शेवटच्या पाचशे मीटरांत छाती फुटू लागते तेव्हा शिष्याच्या मनात काय चालते, हे तर ज्याने ते स्वतः भोगले त्यालाच उमगते.

अर्थात उत्तम खेळाडू हा आपोआप उत्तम शिक्षक होतो असे नव्हे. पॅरिसमध्ये बलराज तेविसावा आला. गुरू सोळा वर्षांपूर्वी जेथे होता त्याच्याही दोन पायऱ्या खाली. यावरून घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. बलराजने वल्हे हाती धरून थोडीच वर्षे झाली होती, आणि प्रशिक्षकाच्या श्रमाचे फळ एका ऑलिंपिकमध्ये मोजता येत नाही. शाळामास्तरांना हे निराळे सांगायला नको.

प्रश्न आहे तो आपल्या समाजाच्या दृष्टीचा. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. त्यांच्या गुरूंसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला 1985 साल उजाडले. ताखर यांना ज्यांनी घडवले त्या इस्माईल बेग यांना 2005 साली तो मिळाला; पण पदकविजेत्याचे नाव सांगणाऱ्या किती जणांना बेग यांचे नाव सांगता येईल? सैनिकाला निदान नोकरी असते. मुलकी खेळाडूला तिशीनंतर काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्यापाशी नाही. तो कुठे तरी कारकून होतो, आणि पंधरा वर्षांच्या तपश्चर्येने कमावलेली विद्या त्याच्याबरोबर फायलींखाली गडप होते.

वऱ्हाडाने तरी याबाबत उदासीन असू नये. 1914 साली अमरावतीत वैद्य बंधूंनी लावलेल्या रोपट्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. या संस्थेच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु या मंडळाचे खरे कार्य त्याहून मोठे आहे. आखाड्यात घुमलेल्याने दुसऱ्याला घुमवावे, ही आपली जुनी रीत या संस्थेने शिक्षणक्रमात बसवली आणि व्यायामशिक्षकांच्या पिढ्या तयार केल्या.

हीच परंपरा पाण्यावर नेता येणार नाही काय? मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा आहे, अकोल्याजवळ काटेपूर्णा आहे. हे जलाशय प्रथम पिण्यासाठी आणि शेतीसाठी आहेत, उन्हाळ्यात त्यांची पातळी उतरते, नौकाही महाग असतात. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणून प्रारंभ नौकेपासून न करता माणसापासून करावा. जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्रावर मुलांची पारख होऊ शकते. तेवढ्यासाठी दोन-चार यंत्रे आणि एक जाणता प्रशिक्षक पुरे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या नौकानयनपटूला मानाने आणि कायम वेतनावर येथे आणावे. हंगामी मानधनावर नव्हे. धरण बांधायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि ते आपण खर्च केलेच आहेत. त्या पाण्याकडे पाहून उंच्यापुऱ्या पोराला नौकेत बसवणारा माणूस मात्र अजून आपण नेमलेला नाही.