एका वाक्याची दुरुस्ती

महालक्ष्मीच्या रेसकोर्सबद्दल इंटरनेटवर वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं. १८८३ साली सर कुसरो वाडिया यांनी दिलेल्या जमिनीवर, मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर हे मैदान तयार झालं, असं ते वाक्य सांगतं. वर्ष आहे, दात्याचं नाव आहे, नमुनाही आहे. वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो.

आपण मात्र थांबू या आणि एक साधी वजाबाकी करू या. कुसरो हे नौरोसजी वाडिया यांचे चिरंजीव. १८७९ साली बॉम्बे डाइंगचा पाया घालणारे ते हेच नौरोसजी. त्यांचा जन्म १८४९ चा, म्हणजे १८८३ साली वडीलच जेमतेम चौतिशीचे. कुसरोंचा जन्म १८६९ चा. १८८३ साली ते चौदा वर्षांचे होते आणि नावामागची ‘सर’ ही पदवी अजून फार दूर होती. चौदा वर्षांच्या मुलाने मुंबईत शेकडो एकर जमीन शर्यतींसाठी दिली?

मला या वजाबाकीने थक्क केलं. ती करायला ना दप्तरखाना लागत होता, ना जुनी कागदपत्रं. दोन जन्मवर्षं आणि शाळेतलं गणित एवढंच भांडवल. तरीही ते वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर सुखाने फिरत राहिलं.

आता त्या जमिनीला विचारू या. मुंबई मुळात बेटांची. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी थेट आत शिरायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड नावाचा बांध घातला गेला, समुद्र अडला आणि मागची दलदल हळूहळू सुकली. ‘महालक्ष्मी फ्लॅट्स’ म्हणून ओळखली जाणारी सखल जमीन ती हीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शर्यती भायखळ्याला भरायच्या, तिथून त्या इथे आल्या. या जमिनीचे मालक राज्य सरकार आणि महानगरपालिका. शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबला ती १९१४ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली होती आणि हा पट्टा २०१३ साली संपला. पुढे २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे अशी वाटणी ठरली. दान म्हणून मिळालेल्या जमिनीचं भाडं कोण भरतं? वजाबाकीने उभी केलेली शंका भाडेपट्ट्याने आणखी पक्की होते.

मग वाडियांचं नाव त्या वाक्यात आलं कसं? त्याचं निदान एक संभाव्य कारण मुंबईच्या रस्त्यावर दिसतं. परळला जा. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय शेजारी शेजारी उभी आहेत. पुण्यात वाडिया कॉलेज आहे. नौरोसजींच्या मुलांनी, कुसरो आणि नेस यांनी, आई-वडिलांच्या नावाच्या या संस्थांना सढळ हाताने देणग्या दिल्या. ज्या घराण्याने शहराला इतकं दिलं, त्याने मैदानही दिलं असेल, हे मनाला चटकन पटतं. काही चुका खोटेपणातून येत नाहीत, कृतज्ञतेतून येतात. म्हणून त्या हुडकणं जास्त कठीण.

आता खरी गंमत. चूक तुमच्या लक्षात आली आहे. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात बहुतेक पानांच्या माथ्यावर ‘संपादन’ अशी कळ असते. ती दाबून ‘वाडियांनी जमीन दिली नाही’ असं लिहून टाकावं का?

नाही. ते तुम्हाला करता येत नाही आणि या नियमातच त्या ज्ञानकोशाचं सारं शहाणपण आहे. तिथे स्वतःचं संशोधन चालत नाही, मग ते कितीही बिनचूक असो. जे लिहाल त्याला बाहेरचा, छापील किंवा विश्वासार्ह आधार लागतो. तुमची वजाबाकी शंका घ्यायला पुरेशी आहे, निकाल द्यायला नाही. तेव्हा पहिली पायरी म्हणजे त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करायची. दुसरी पायरी ‘चर्चा’ पानाची. प्रत्येक लेखाच्या पाठीशी असं एक पान असतं. तिथे दोन जन्मवर्षं आणि भाडेपट्ट्याचं साल मांडायचं आणि विचारायचं: या वाक्याला आधार कुठला? आधार निघाला तर तो जोडायचा. निघाला नाही तर ते वाक्य काढायचं, कारण सिद्ध करण्याची जबाबदारी वाक्य ठेवू पाहणाऱ्यावर असते.

आधार शोधतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. ज्ञानकोशातलं निराधार वाक्य कुणी पत्रकार उचलतो, ते वर्तमानपत्रात छापून येतं आणि वर्षभराने दुसरा कुणी त्याच बातमीचा संदर्भ देऊन ज्ञानकोशातलं वाक्य ‘सिद्ध’ करतो. साप स्वतःचीच शेपटी गिळतो. म्हणून आधाराचं साल बघायचं: तो ज्ञानकोशातल्या त्या वाक्याच्या आधीचा आहे की नंतरचा?

एकदा एक वाक्य तपासायला घेतलं की शेजारची वाक्यंही बोलू लागतात. १८८३ साली ‘रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब’ने हे मैदान सुरू केलं, असं कुणी लिहिलं तर? क्लब जुना आहे, पण तेव्हा त्याचं नाव हे नव्हतं. ‘वेस्टर्न इंडिया’ हे शब्द १९२५ मध्ये आले आणि ‘रॉयल’ १९३५ मध्ये, पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीत. १८८३ च्या वाक्यात १९३५ चं नाव घालणं म्हणजे बारशाच्या फोटोत लग्नाचा फेटा बांधण्यासारखं.

किंवा इथली इंडियन डर्बी ही शर्यत घ्या. ती प्रथम १९४३ मध्ये धावली, तेव्हा तिचं नाव ‘कंट्री ब्रेड डर्बी’ होतं. बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी पहिली आली, तिच्यावर ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट स्वार होता. आज ही शर्यत २४०० मीटरची. पण भारतात मीटर आला तो १९५६ च्या कायद्याने. त्याआधीचा हिशेब मैल आणि फर्लांगांचा. दीड मैल म्हणजे बारा फर्लांग, म्हणजे सुमारे २४१४ मीटर. कुणी ‘दीड मैल म्हणजेच २४०० मीटर’ असं लिहिलं तर फरक फक्त १४ मीटरचा. पण शर्यतीत घोड्याची एक लांबी, म्हणजे एक ‘लेंग्थ’, साधारण अडीच मीटरची धरतात. तेव्हा हा फरक पाच-सहा लेंग्थचा झाला. जिथे घोडा नाकाच्या अंतराने जिंकतो तिथे ही चूक केवढी!

आणि हा फर्लांग आला कुठून? नांगरातून. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ नांगरटीच्या एका तासाची लांबी. आपल्याकडेही शेतकरी नांगराच्या रेघेला तासच म्हणतो. एक फर्लांग लांब आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी रुंद पट्टी म्हणजे एक एकर, बैलजोडीची दिवसभराची नांगरट. म्हणजे रेसकोर्सचं क्षेत्रफळ एकरात सांगा नाहीतर शर्यतीचं अंतर फर्लांगात सांगा, उधळत्या घोड्यांच्या या मैदानाची दोन्ही मापं संथ चालणाऱ्या बैलांनी आखून दिली आहेत. तेच एकर आपल्या जुन्या सातबाऱ्यावर चाळीस गुंठ्यांचं होऊन बसलं. महालक्ष्मीचं क्षेत्रफळ कुठे २२५ एकर लिहिलेलं आढळतं, कुठे २११. ‘फक्त चौदा एकर’ म्हणणाऱ्याला कुठल्याही शेतकऱ्याने विचारावं, ५६० गुंठे म्हणजे किती रे बाबा?

मराठीला ज्ञानकोश नवे नाहीत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. छापील ग्रंथात चूक सापडली की शेवटी शुद्धिपत्र जोडतात: अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध, शुद्ध. किती प्रामाणिक रिवाज! पण शुद्धिपत्र एकदाच छापतात आणि पान एकशे बारा वाचणाऱ्याचा हात क्वचितच तिथवर पोचतो. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाने हे शुद्धिपत्र प्रत्येक पानाच्या पोटात ठेवलं आहे. ‘इतिहास’ या शब्दावर बोट ठेवा. पान पहिल्यांदा कधी लिहिलं, कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला, कोणी कोणता शब्द बदलला, ते सगळं तिथे ओळीने मांडलेलं असतं. वाडियांचं वाक्य काढलं तरी ते तिथे राहील, कधी आलं आणि का गेलं यासकट. सत्य आणि सत्यापर्यंतची वाट दोन्ही जपणारा ग्रंथ माणसाने आजवर क्वचितच लिहिला आहे आणि हा तर कुणीही लिहू शकतो.

मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तुमच्या गावचं देऊळ, तुमची शाळा, तुमच्या तालुक्यातला किल्ला, जुनी गिरणी, कशाबद्दल तरी तिथे एखादं वाक्य वाट बघत असेल. आज एक पान उघडा आणि त्यातली दोन सालं शेजारी ठेवून वजाबाकी करा. उत्तर जुळलं तर संदर्भ जोडा. नाही जुळलं तर चर्चा पानावर नम्रपणे विचारा. महालक्ष्मीचं वाक्य सुधारायला एवढंच लागतं, तुमच्या गावाचंही तेवढ्यानेच सुधारेल.