उभ्या गाडीची भूक

गाडी उभी आहे म्हणजे तिचं खाणंपिणंही बंद, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. पेट्रोलपुरता तो खराही आहे. बॅटरीचं मात्र तसं नाही. किल्ली काढून दारं लावली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग ही मंडळी रात्रंदिवस तिच्यातून घास घेतच असतात. घास लहानसाच, साधारण २० ते ५० मिलिअँपिअरचा. पण मैत्रिणींनो, घरखर्चासारखा हिशोब मांडून बघा. ३० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवर गेलं. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत निम्मी रिकामी! जुनी असेल तर तेवढाही दम धरत नाही.

माझ्या मावसबहिणीचे यजमान बोटीवर असतात, चार-चार महिने. हिच्याकडे लायसन्स आहे, पण ‘गाडी ह्यांची’ म्हणून तिला कव्हर घातलेलं. एका रात्री दीड वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. किल्ली फिरवली, तर नुसतं टक-टक. शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं, म्हणून निभावलं.

‘मी रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते की!’ असं बऱ्याचजणी सांगतात. त्याने फारसं साधत नाही. सेल्फ मारतानाच बॅटरीतून भरपूर वीज जाते आणि जागच्या जागी पाच मिनिटांत ती नीट भरून निघत नाही. (बंद गॅरेजमध्ये तर हे करूच नका, धूर विषारी असतो.) त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, सलग अर्धा तास गाडी रस्त्यावर काढा. भाजीला न्या, देवळात न्या. चालवायचा सरावही राहतो, आणि मला विचाराल तर तोच जास्त महत्त्वाचा.

महिनोन्‌महिने कुणीच नसेल, तर बॅटरीची काळी, निगेटिव्ह वायर सोडवून ठेवायची. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळीच, कारण लाल सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. काचा आधी वर घ्या, किल्ली आत विसरू नका. नंतर घड्याळ पुन्हा लावावं लागतं, एवढंच. नव्या गाड्यांचं तंत्र जरा नाजूक, तेव्हा गाडीबरोबरचं पुस्तक आधी बघा. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप कमी-जास्त होणारा चार्जर मिळतो. घरचा इन्व्हर्टर बॅटरी भरलेली ठेवतो ना, तसंच काम. साधा चार्जर मात्र दिवसेंदिवस लावून ठेवायचा नाही.

उतरलेली बॅटरी तशीच पडू दिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर घट्ट बसतो. मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर कित्येकांना नवी बॅटरी घ्यावी लागली, ती यामुळेच. मेकॅनिककडे मीटर असतो, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजायला सांगा. १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं, १२.४ च्या खाली गेलं की चार्जिंगला न्यायची, आणि १२ दिसले तर ती जवळजवळ रिकामीच समजा.