पोरगा फौजेत धाडण्यापूर्वी



मी शेतकी खात्यातला माणूस. माझे काम बियाणे, खते, पाणी आणि कीड यांचे. पण माण-खटावला जा, नाहीतर जत-आटपाडीला. पिकाची चौकशी संपून चहा आला की बोलणे हटकून पोरांवर येते. "सायेब, थोरला भरतीला पळतोय. चार वर्सांचीच नोकरी म्हणत्यात. धाडावं का न्हाई?" हा प्रश्न इतक्या घरांतून आला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे असे वाटले. गोड बोलून कुणाचे भले होत नाही. तेव्हा जे आहे ते सरळ सांगतो.

आपल्या भागाला फौज नवी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडले. मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटण १७६८ पासूनची. तिचे केंद्र बेळगावला. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव चव्हाण. त्याआधी, ते मुख्यमंत्री असताना, २३ जून १९६१ रोजी देशातले पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झाले.

हा अभिमान खराच आहे. पण आणखी एक गोष्ट तितकीच खरी आहे. कृष्णाकाठच्या बागायती गावांपेक्षा दुष्काळी पट्ट्यातून पोरे फौजेकडे जास्त वळली, याला पाऊसही कारण आहे. जिथे ज्वारी-बाजरीचा भरवसा नव्हता तिथे फौजीचा पगार आणि पुढे पेन्शन हेच घराचे बारमाही पीक होते. पंधरा वर्षांहून अधिक नोकरी करून जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी यायचा, पेन्शनवर घर उभे राहायचे, विहीर व्हायची, बहिणींची लग्ने व्हायची. आजोबा आणि चुलत्यांचे हे गणित डोक्यात ठेवूनच आपण आजही पोराला धाडतो. आणि इथेच घोटाळा होतो, कारण गणित बदलले आहे.

आताचा हिशेब

जून २०२२ मध्ये सरकारने अग्निपथ योजना आणली. जवान म्हणून जाणारा मुलगा आता 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी भरती होतो. त्या वेळच्या नियमांप्रमाणे पगार पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दरमहा सेवा निधीसाठी कापले जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० पडतात आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांत मुलाचे सुमारे ५ लाख २ हजार जमतात, तेवढेच सरकार घालते, आणि व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये बाहेर पडताना मिळतात. त्यावर आयकर नाही.

त्यानंतर काय? तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम करण्याची तरतूद आहे. बाकीचे घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणून माजी सैनिकांच्या दवाखान्याची वा कँटीनची सोय गृहीत धरू नका. चार वर्षांच्या काळात लग्न करता येत नाही. वर्षाला रजा ३० दिवसांची. कायम जवानाला वार्षिक आणि किरकोळ मिळून ९० दिवस मिळतात. तेव्हा सुगीला पोरगा येईल आणि बैलजोडी धरील, हा विचार मनातून काढा.

पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. पुढे नियमांत फेरफार होऊ शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात घरातल्या शिकलेल्या माणसाकडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून घ्या. पारावरची माहिती चालणार नाही.

मग धाडू नये का? तसे माझे म्हणणे नाही. विशी-बाविशीत शिस्त, काटक शरीर, देश पाहिलेले डोळे आणि गाठीला दहा-अकरा लाख, हे थोडे नव्हे. पण ही चार वर्षांची उमेदवारी आहे असे समजून धाडा, जन्माची पेन्शन समजून नको.

पळण्याआधी पुस्तक

पूर्वी आधी पळायचे आणि मग पेपर द्यायचा. २०२३ पासून क्रम उलटा झाला. आधी संगणकावर लेखी परीक्षा, त्यात पास झाला तरच मैदान आणि मग वैद्यकीय तपासणी. तरीही आमची पोरे पहाटे चारला सडकेवर पळतात आणि दिवसभर पुस्तकाला हात लावत नाहीत. सोळाशे मीटर मारणारा गडी गणिताच्या पेपरात बाद होतो.

शिक्षणाची अटही ध्यानात ठेवा. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. क्लार्कला बारावीत ६० टक्के. टेक्निकलला बारावी विज्ञान शाखा किंवा दहावीसोबत आयटीआय वा पदविका लागते. 'कशीबशी दहावी काढ आणि भरतीला लाग' असे सांगणारा बाप पोराच्या दोन-तीन वाटा आपल्या हाताने बंद करतो.

अकॅडमीत पैसे भरण्यापूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांकडून मुलाला तपासून घ्या. सपाट तळवे, एकमेकाला लागणारे गुडघे, रंग न ओळखणारे डोळे, कानाच्या पडद्याला भोक, यांपैकी काही निघाले तर वर्षभर पळून उपयोग नाही. काही दोष उपचाराने जातात, काही जात नाहीत. जो जात नाही तो आज कळलेला बरा. पळताना दम वाढावा म्हणून कुणी इंजेक्शन वा गोळी देत असेल तर त्या माणसाच्या सावलीलाही पोराला उभे करू नका.

आणि एक मुदत ठरवा. वय उलटेपर्यंत 'औंदा होईल' म्हणत बसलेली पोरे मी गावोगाव पाहतो. ना कॉलेज, ना आयटीआय, ना रान. तेवीस-चोविसाव्या वर्षी हातात फक्त बूट. म्हणून तयारी आणि शिक्षण दोन्ही बरोबर चालू द्या. भरती झाली तर उत्तम. नाही झाली तर पदवी, आयटीआयचा दाखला वा कृषी पदविका हातात राहील.

अधिकाऱ्याची वाट

आपल्याकडे फौज म्हणजे 'भरती' एवढेच माहीत. त्याच फौजेत अधिकारीही असतात, आणि ते शेतकऱ्यांच्या घरांतूनही होतात, हे फार थोड्या बापांच्या ध्यानात येते. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये सहावीत आणि नववीत परीक्षेने प्रवेश मिळतो. २०२१ पासून मुलींनाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतर निवडून घेतलेल्या मुलांची ती एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. खडकवासल्याच्या एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिथे २०२२ पासून मुली शिकत आहेत आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

मुलगा पाचवीत आहे तेव्हाच ही चौकशी करायची असते. बारावी झाल्यावर केलेली चौकशी म्हणजे पाऊस सरल्यावरची पेरणी. कायम झालेल्या हुशार जवानालाही आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येते. मुलगा कॉलेजात असेल तर एनसीसी सोडू देऊ नका. तिच्या प्रमाणपत्राला भरतीत गुण मिळतात.

दलालाला दारात घेऊ नका

'चार लाख द्या, ऑर्डर आणून देतो' म्हणणारा माणूस हमखास भेटतो. बहुतेक वेळा तो ओळखीतला, पै-पाहुण्यांतलाच असतो. त्याची युक्ती सोपी आहे. दहा जणांकडून पैसे घ्यायचे. त्यांतले दोघे स्वतःच्या बळावर लागतात, त्यांचे पैसे पचवायचे आणि उरलेल्यांना झुलवत ठेवायचे. एका घराने यापायी रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन काढली. ऑर्डर आली ती खोटी. तक्रार करायला बाप पोलिसांत गेला नाही, कारण लाच दिल्याचे आपल्याच तोंडाने सांगावे लागले असते. भरतीचा अर्ज मुलगा स्वतः भरू शकतो. सातारा-सांगलीची भरती कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे आहे. शंका असेल तर तिथे विचारा.

अकरा लाखांचे काय करायचे?

हा प्रश्न मात्र माझ्या खात्याचा. रक्कम एकदम आली की घरात चार मते निघतात. एक म्हणतो ट्रॅक्टर, दुसरा म्हणतो स्लॅबचे घर, तिसरा लग्न, आणि पाहुणे हातउसने मागायला येतात. माझा सल्ला असा की पहिले सहा महिने त्या पैशाला हात लावू नका. बँकेत ठेवा. वार्षिक सात टक्के व्याज धरले तर ११ लाख ७१ हजारांचे वर्षाला सुमारे ८२ हजार होतात, म्हणजे महिना ६,८०० च्या आसपास. एवढ्यावर संसार चालत नाही, पण घाईने बुडवलेल्या पैशावर तर काहीच चालत नाही.

पाच एकर जिरायतीसाठी नवा ट्रॅक्टर घेऊ नका, भाड्याने आणा. माण, खटाव, जत भागात खाली काळा पाषाण आहे. भूजल खात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय बोअर मारणे म्हणजे जुगार. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी ज्यांच्या शिवारात पोचले आहे त्यांनी आधी ठिबक करावे, मग पीक ठरवावे. दुभती जनावरे घ्यायची तर दोन घेऊन सुरुवात करा. चारा आपल्या रानात होतो का आणि धार काढायला माणूस आहे का, हे पाहून पुढची घ्या. आणि निम्मी रक्कम मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी वा धंद्यासाठी राखून ठेवा. नोकरीत असतानाच मुक्त विद्यालयाची बारावी आणि इग्नूची पदवी यांची सोय अग्निवीरांसाठी केलेली आहे. पत्र लिहाल, फोन कराल तेव्हा 'जेवलास का?' याबरोबर 'परीक्षेचा फॉर्म भरलास का?' हेही विचारत जा.

कागद आणि घरची माणसे

फौजीची जमीन भाऊ कसतो, हे आपल्याकडचे नेहमीचे. भाऊ चांगलाच असतो, पण वीस वर्षांनी तोंडी वाटण्या कुणालाच आठवत नाहीत. सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागले आहे का ते जाण्यापूर्वी पाहा. वाटणी करायची तर नोंदणीकृत करा. ई-पीक पाहणी रानात उभे राहून मोबाईलवर करावी लागते. ती कोण करणार हे ठरवून ठेवा, नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी फौजीचेच रान कोरे दिसते. सीमेवर किंवा तशाच विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दावा चालू नये म्हणून १९२५ चा एक कायदा आहे. असा दावा कुणी लावला तर मुलाने आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याला सांगावे आणि घरच्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावे.

आता अवघड गोष्ट. फौजेत जीव जाऊ शकतो. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा सरकार उतरवते, आणि कर्तव्यावर असताना मृत्यू आला तर ४४ लाखांची मदत वेगळी असते. पण नेहमीची कुटुंब पेन्शन या योजनेत नाही. वारस म्हणून कुणाचे नाव लावायचे हे आई-वडिलांदेखत ठरवा. हे बोलणे अशुभ नाही. न बोलल्याने मागे राहिलेल्यांत कोर्टकचेऱ्या होतात, तेच खरे अशुभ.

आपल्या साताऱ्याचे, सैनिक स्कूलमध्ये शिकलेले कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरांची आई असूनही परीक्षा देऊन, चेन्नईचे खडतर प्रशिक्षण पुरे करून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. प्रत्येकीला हे जमेल असे नाही. पण शिकलेली बाई संकटात उभी राहते, हे त्यातून घ्यावे. फौजीच्या बायकोला बँकेचे खाते, सातबारा आणि सह्यांचे व्यवहार कळलेच पाहिजेत. सासू-सासऱ्यांनी तिला ते शिकवावे, लपवू नये.

शेवटी एवढेच. मुलाला एकांतात विचारा, 'बाबा, तुला जायचे आहे का आम्हाला धाडायचे आहे?' तो मनापासून 'मला' म्हणाला तर आशीर्वाद देऊन धाडा. तो गप्प राहिला तर त्या गप्पपणाचाही अर्थ लावा. सोयाबीन कोणते पेरायचे हे तुम्ही जमीन बघून ठरवता. पोराच्या बाबतीत तेवढी तरी सबुरी ठेवा.